मावशीने फाडलेली चाळीस पुस्तकं

मावशीने ट्रॉलीच्या पुढच्या चाकासमोर पाय रोवला आणि ट्रॉली जागच्या जागी थबकली. मागून ढकलणारा सुतार ओरडला, "अहो मावशी, पाय जाईल ना!"

"जाऊ दे, दुसरा आहे," मावशी म्हणाली आणि ढिगातलं सगळ्यात वरचं पुस्तक उचललं.

जाडजूड पुस्तक. मरून कापड, कोपरे काळ्या रेक्झिनने मढवलेले, पाठीवर लाल पट्टी. आणि कव्हरच्या मधोमध बाटलीच्या झाकणाएवढा एक निळा गोल स्टिकर.

"हे टिकले कोणी लावले?"

"समितीने. निळा टिकला म्हणजे रद्दी. शुक्रवारी सकाळी ट्रक येणार. आम्हाला फक्त व्हरांड्यात नेऊन रचायचंय."

"रद्दी? हे?" मावशीने पुस्तक उलटं केलं, पाठ दाबून पाहिली, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "अरे, हे मी बांधलंय. दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवलं होतं. तुझ्या दाराची बिजागरी निखळेल, पण याचं पान निघणार नाही."

"मावशी, मला लाकडाचं विचारा. पुस्तकाचं वर जाऊन भांडा."

मावशीने दुसरं उचललं. तेही तिचंच. तिसरं, चौथं तिचंच. ट्रॉलीवर साठेक पुस्तकं होती, त्यातली एकवीस लाल पट्टीची निघाली. व्हरांड्यात आधीच कमरेइतके ढीग लागले होते आणि त्यांच्यातूनही लाल पट्ट्या डोकावत होत्या. मावशीने ॲप्रनला हात पुसले आणि जिन्याकडे निघाली. ती जिन्याकडे त्या चालीने निघाली की कॅन्टीनवाला काउंटरवरच्या बरण्या आत घ्यायचा.

ग्रंथालयाचं नूतनीकरण सुरू होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. फाटकावर मोठा फलक होता: 'विद्यार्थ्यांच्या अधिक चांगल्या सेवेसाठी ग्रंथालय बंद.' विद्यार्थी त्या फलकाखालीच पायऱ्यांवर बसून अभ्यास करत होते, कारण परीक्षा काही कोणासाठी थांबणार नव्हती. आत सेवा इतक्या जोरात चालू होती की ड्रिलच्या आवाजाने पोरांनी कानात कापूस घातला होता.

हा सगळा कारभार व्हिजनसरांचा. ते नूतनीकरण समितीचे अध्यक्ष. खरं नाव वेगळं, पण दर तिसऱ्या वाक्याला त्यांच्या तोंडातून 'व्हिजन' हा शब्द शिंकेसारखा बाहेर पडायचाच, म्हणून रंगाऱ्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणायचे. काम सुरू करण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते: तुम्हाला कसं ग्रंथालय हवं? पोरांनी मनापासून लिहिलं. पंखे चालू करा. संडासाच्या दाराला कडी लावा. चार्जिंगला प्लग द्या. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि जिच्यावर नव्वद जण तुटून पडतात, त्याच्या दहा प्रती आणा. व्हिजनसरांनी ते सगळं वाचलं, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांना त्यांना दिसलं की पोरांना बसायला बीनबॅग हव्यात. तीस बीनबॅग, एक कॉफीचं मशीन, भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत आणि हॉलच्या मधोमध 'संवाद बेट'. नकाशा आला, त्यात सगळं होतं. कडी नव्हती.

आता बेट ठेवायचं तर जागा हवी, आणि जागा पुस्तकांनी अडवलेली. मग समितीने नियम काढला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेचा एक कागद चिकटवलेला असतो. पुस्तक घरी नेलं की परत आणायच्या तारखेचा शिक्का त्यावर पडतो. ज्या कागदावर गेल्या पाच वर्षांत एकही शिक्का नाही, ते पुस्तक मेलं. दोन जण स्टूल घेऊन कपाटांसमोर बसले आणि आठ दिवसांत दोन हजार पुस्तकं मेली. एका माजी कुलगुरूंच्या भाषणांचा चार खंडांचा संग्रह मात्र ठणठणीत जिवंत राहिला. बढतीच्या मुलाखतींच्या आधी दर वर्षी कोणी ना कोणी तो घरी न्यायचा, काखेत मारून दोन वेळा कुलगुरूंच्या दालनावरून चालायचा आणि परत आणून द्यायचा. त्याच्या कागदावर शिक्क्यांना जागा उरली नव्हती. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, पण ती बघायचं नियमात नव्हतं.

लाल पट्टीची पुस्तकं मेली कशी, ते कळायला मावशी कळायला हवी.

मावशी बावीसची असताना इथे झाडू मारायला लागली. तळमजल्यावर, जिन्याला लागून, बाइंडिंगची खोली. तिथे एक म्हातारा बाइंडर होता. त्याला सुईत दोरा ओवता यायचा नाही, म्हणून तो तिला हाक मारायचा. दोरा ओवता ओवता तिने टाका घातला, टाके घालता घालता पुठ्ठे कापले, आणि तीन वर्षांत म्हातारा नुसता खुर्चीत बसून "हं, आवळ, अजून आवळ" एवढंच म्हणायला उरला. तो निवृत्त झाला. विद्यापीठाने त्याची जागा भरली नाही, पण पुस्तकं काही फाटायची थांबली नाहीत. मावशी सकाळी झाडू मारायची, दहा वाजता झाडू दारामागे ठेवायची आणि म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसायची. सव्वीस वर्षं. कागदोपत्री ती आजही सफाई कामगार. विद्यापीठात बाइंडर नाही, असं विद्यापीठाने तीन वेळा लेखी कळवलेलं आहे.

शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकाचं नाव ती एकेक अक्षर लावत वाचायची आणि मध्येच कंटाळून सोडून द्यायची. पण पुस्तक हातात आलं की त्याचं काय दुखतंय ते तिला कळायचं. "हा जाड्या, याचं सातवं प्रकरण सुटतं दर वेळी." पोरं जिथे जास्त वाचतात तिथला दोरा आधी जातो, हे तिचं साधं गणित. त्यावरून तिला कळायचं की परीक्षेत काय येतं. एका विषयाच्या पुस्तकाची अकरा वर्षं तीच चाळीस पानं सुटून येत होती. म्हणजे अकरा वर्षं त्या विषयाचे सर तेच प्रश्न काढत होते. मावशी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायची, आणि ते सर कॉरिडॉरमध्ये तिला बघून भिंतीवरची घड्याळं बघायला लागायचे.

आणि लाल पट्टीचा रिवाज असा. पुस्तक घरी नेऊन नेऊन झिजलं आणि मावशीकडे आलं, की ते एकदा नव्याने बांधायचं, मागे नवा कोरा तारखेचा कागद चिकटवायचा आणि पाठीवर लाल पट्टी मारायची. लाल पट्टी म्हणजे आता हे घरी जाणार नाही. याची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही, ज्याला हवं त्याने हॉलमध्ये बसून वाचावं. काउंटरवर ओळखपत्र ठेवायचं, चिठ्ठी लिहायची, संध्याकाळी पुस्तक परत दिलं की चिठ्ठी फाडून टोपलीत. शिक्का नाही, नोंद नाही.

म्हणजे सगळ्यात जास्त वाचलेली पुस्तकं शिक्क्याविना. आणि मावशीचा हात इतका साफ की ती दिसायला कालपरवा दुकानातून आणल्यासारखी. स्टूलवरच्या दोघांनी उघडली, कोरा कागद बघितला, टिकला लावला. पुढचं.

ग्रंथपालांना पोरं श्शूसाहेब म्हणायची. बारीक, सभ्य, धुळीची ॲलर्जी असलेला माणूस, तोही ग्रंथालयात. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि ते पाच महिने एखादं ओझं नेल्यासारखे ते जपून नेत होते.

"साहेब, खाली काय चाललंय तुम्हाला माहीत आहे?"

"मावशी, हळू. श्शू. समिती शेजारच्या खोलीत आहे."

"मग ऐकू दे की! लाल पट्टीची सहाशे चाळीस पुस्तकं रद्दीत चालली. पोरं बाहेर पायरीवर बसून रोज विचारतात ती कधी मिळणार म्हणून."

"निकष ठरलेला आहे."

"निकषाने कधी पुस्तक वाचलंय का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी समितीत आहे, मावशी, पण मला मत नाही. मी निमंत्रित आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चहा मिळतो."

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना दोन शिंका आल्या.

दुसऱ्या दिवशी व्हिजनसर स्वतःच बाइंडिंगच्या खोलीत उतरले. तिला भेटायला नव्हे, खोली मोजायला. सोबत डिझाइनरबाई, हातात टेप. ही खोली 'रिलॅक्स झोन' होणार होती. डिझाइनरबाई म्हणाल्या, "इथे एक वास आहे, नाही?"

"खळीचा," मावशी म्हणाली. "पिठाची असते. भूक लागली तर चाटताही येते."

व्हिजनसर हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, फोटोसाठी सवय झालेलं. त्यांनी टेबलावरचं लाल पट्टीचं एक पुस्तक उचलून डिझाइनरबाईंना दाखवलं. "बघा. किती सुंदर अवस्थेत आहे. एकाही विद्यार्थ्याने हात लावलेला नाही. माझं व्हिजन हेच आहे, की ही मृत जागा जिवंत करायची."

"सर, ते पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा त्याला पाठ नव्हती," मावशी म्हणाली. "शंभर पानं सुटी, एका दोरीने बांधून आणलं होतं. पोरांनी हात लावून लावूनच त्याची ती दशा केली. मी नीट केलं म्हणून तुम्हाला नवं दिसतंय."

"मावशी, तुमच्या भावना मला समजतात."

"भावना नाहीत, सर. दोरा आहे."

"पण डेटा हवा ना. उद्या मी म्हणेन की हे पुस्तक शंभर जणांनी वाचलं. कशावरून? तुमच्याकडे काही कागद आहे? गुरुवारी समितीची शेवटची बैठक आहे. काही लेखी असेल तर आणा." आणि ते टेपखालून वाकून पलीकडे गेले.

पायऱ्यांवर एक मुलगी बसायची, शेवटच्या वर्षाची, जाड भिंगांचा चष्मा. मावशी व्हरांड्यातल्या ढिगातून लाल पट्टीचं एक पुस्तक रोज सकाळी खिडकीच्या गजातून तिला द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. त्या संध्याकाळी मावशी म्हणाली, "तू येशील का गं गुरुवारी? सांगशील त्यांना की तुम्ही हीच वाचता म्हणून?"

"येते की. पण मावशी, मी फॉर्ममध्ये हेच लिहिलं होतं. एक पूर्ण पान."

"तू पान लिहिलंस आणि त्यांनी बेट वाचलं. आता तोंडाने सांग."

घरी कंडक्टर जेवायला बसला होता. मावशीचा नवरा बस कंडक्टर. तीस वर्षं बसमध्ये काढून त्याचा स्वभावच तसा झालेला. घरातही कोणी दारात उभं राहिलं की तो "आत सरका, आत सरका" म्हणायचा. मावशीने सगळं सांगितलं, मध्ये दोनदा ताट आपटलं.

"तो सर चुकीचं नाही बोलला," कंडक्टर म्हणाला.

"काय म्हणालात?"

"अगं, ऐक तरी. माणूस मला सांगतो, मी तिकीट काढलं होतं, पडलं. मी काय म्हणतो? दाखव. चेहरा कितीही गरीब असला तरी दाखव. तुझ्या पुस्तकांनी तिकीट काढलेलं असेल तर ते कुठेतरी असेल ना?"

"कुठे असणार? जुने तारखेचे कागद तर मीच काढते. पुस्तक सोडवलं की पहिल्यांदा तो कागद उचकटायचा, आणि मग..."

ती थांबली. घास हातातच राहिला.

"आणि मग काय?"

"आणि मग पाठीत भरायचा," मावशी म्हणाली.

म्हाताऱ्या बाइंडरने शिकवलेली रीत. पुस्तकाच्या पाठीला आतून ताठ कागदाचा आधार द्यावा लागतो, नाहीतर पाठ बसते. जुना तारखेचा कागद जाड, टणक, रुंदीला नेमका पाठीएवढा. म्हातारा म्हणायचा, याच्याइतका चांगला कागद विद्यापीठ आपल्याला कधी देणार नाही. म्हणून ज्याचा कागद त्याच्याच पाठीत, खळ लावून, वरून कापड. प्रत्येक पुस्तकाचं तिकीट त्याच्याच पाठीत चिकटलेलं होतं. काढायचं तर पाठ फाडावी लागणार.

कंडक्टर म्हणाला, "मग फाड."

"तुमची बस फोडायला सांगते उद्या कोणाला तरी," मावशी म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. पण तिला माहीत होतं की तेच करावं लागणार. आणि दुसरीही एक गोष्ट माहीत होती, जी तिने फक्त कंडक्टरला सांगितली. सगळ्याच पुस्तकांत कागद नव्हते. बारा वर्षांपूर्वी तारखेचे कागद पातळ यायला लागले, ओल लागली की विरघळणारे. तेव्हापासून ती पाठीत जुन्या प्रश्नपत्रिका भरत होती. सहाशे चाळीसमधल्या अर्ध्यांच्या पाठीत शिक्के असतील. उरलेल्या अर्ध्यांच्या पाठीत 'खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा'.

गुरुवारी हॉलमध्ये ओल्या रंगाचा वास होता. बीनबॅग आल्या होत्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आणि समितीचे दोन सदस्य त्यांतल्या दोन बॅगांवर बसून बिस्किटं खात होते. बसले तेव्हा रुबाबात बसले होते. नंतर त्यांच्या लक्षात आलं की त्यातून उठता येत नाही. व्हिजनसर उभेच होते. श्शूसाहेब दाराजवळच्या लाकडी स्टूलवर, निमंत्रित.

चष्मेवाली मुलगी आधी बोलली. "सर, आम्ही लाल पट्टीचीच पुस्तकं वाचतो. ती घरी मिळत नाहीत, म्हणून इथे बसून वाचतो. शिक्का नसतो."

"तुम्ही फॉर्म भरला होता?"

"हो सर. मी हेच लिहिलं होतं."

व्हिजनसरांनी लॅपटॉपवर बघितलं. "हां. तो प्रतिसाद 'इतर' या गटात गेला. 'इतर' आपण विश्लेषणात घेतलेलं नाही. पण धन्यवाद, छान बोललात."

मग मावशी पुढे आली. एका हातात मरून पुस्तक, दुसऱ्या हातात कटर. कटर बघून बीनबॅगमधल्या एकाने उठायचा प्रयत्न केला आणि तो आणखी खोल गेला.

"सर, तुम्ही लेखी मागितलं होतं," मावशी म्हणाली आणि पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

पाठीवर कटर टेकवला तेव्हा तिचा हात अडला. तिने अशी हजारो पुस्तकं सोडवली होती, पण ती फाटलेली असायची. धडधाकट पुस्तक तिने कधी कापलं नव्हतं, आणि हे तर तिचं स्वतःचं. मग तिने ओठ आवळले आणि वरून खालपर्यंत चीर दिली. कापड निघालं, पण खाली खळ अशी धरलेली की कागद हलेना. मावशी नखाने, पट्टीने, पाण्याच्या बोळ्याने झटत होती आणि तोंडाने स्वतःलाच शिव्या देत होती, "मेली इतकं आवळायची काय गरज होती." शेवटी एक पिवळा कागद अख्खा सुटून आला. त्याच्या खाली दुसरा.

डिझाइनरबाईंनी तो उजेडात धरला. निळे शिक्के, जांभळे शिक्के, एकावर एक, कडेला जागा उरली नाही म्हणून आडवे मारलेले. त्यांनी मोजले. चौऱ्याऐंशी.

बीनबॅगमधल्या एकाने अर्धं बिस्किट खाली ठेवलं.

"इंटरेस्टिंग," व्हिजनसर म्हणाले. "पण हे पुस्तक तुम्ही निवडलंत, मावशी. शास्त्रीय पद्धत अशी नसते. सॅम्पल रँडम हवं. कोणीही निवडलेलं नको." त्यांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे आणि खिडकीतून दिसणाऱ्या व्हरांड्यातल्या धुळीकडे बघितलं. "ग्रंथपाल, तुम्ही जा. लाल पट्टीची कुठलीही चाळीस उचलून आणा. डोळे मिटून. तीसपेक्षा जास्त पुस्तकांत असे कागद निघाले तर सगळी परत कपाटात. नाहीतर उद्या ट्रक."

चाळीसपैकी तीसच्या वर. शिक्क्यांचे कागद जर अर्ध्याच पुस्तकांत, तर इतके निघणार कुठून? तिने कंडक्टरसारखा चेहरा केला, काही न दाखवणारा, आणि कटरची पाती बदलली.

श्शूसाहेब उठले, तोंडाला रुमाल लावला आणि गेले. गेले ते गेलेच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. व्हरांड्यातून फक्त शिंका ऐकू येत होत्या. व्हिजनसर घड्याळ बघायला लागले. "चाळीस पुस्तकं उचलायला इतका वेळ?"

"ते सहीसुद्धा दोन दिवसांत करतात," मावशी चिडून म्हणाली. तिला वाटलं, हा माणूस आता तिथेच कुठेतरी खुर्ची शोधून बसला असेल, बैठक संपायची वाट बघत.

अर्ध्या तासाने साहेब ट्रॉली ढकलत आले. डोळे लाल, नाक लाल, पँटच्या गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल. कोणाशी न बोलता ते परत स्टूलवर जाऊन बसले.

मावशीने पहिलं पुस्तक घेतलं. चीर दिली, पाण्याचा बोळा फिरवला, ओढलं. कागद. शिक्के.

दुसरं. शिक्के. तिसरं. शिक्के.

दहाव्यानंतर मुलगी जवळ येऊन उभी राहिली आणि सुटलेले कागद वाळायला ओळीने मांडायला लागली. मावशी प्रत्येक वेळी डोळे बारीक करून पाठीत बघायची, आत्ता निघेल प्रश्नपत्रिका, आत्ता निघेल. विसाव्याला तिने एक पुस्तक ओळखलं. लेक तापाने फणफणली होती तेव्हा तिला बाइंडिंगच्या खोलीत गोणपाटावर झोपवून बांधलेलं. त्याची चीर तिने सगळ्यात हळू दिली. तिसावं झालं, एकतिसावं झालं, व्हिजनसर म्हणाले, "ठीक आहे, पुरे," पण मावशी थांबली नाही.

"चाळीस म्हणालात ना सर? चाळीसच बघा."

चाळीसच्या चाळीस पुस्तकांत कागद निघाले. टेबलभर पिवळे कागद वाळत पडले होते आणि खाली चाळीस पुस्तकं पाठ उघडी टाकून, चिरलेल्या माशांसारखी.

ट्रक शुक्रवारी आला. बाकीची मेलेली पुस्तकं घेऊन गेला. लाल पट्टीची सहाशे चाळीस गेली नाहीत, ती हॉलच्या मधोमध, बेटाच्या जागेवर, चार नव्या कपाटांत लागली. बेट आक्रसून एका गोल टेबलाएवढं राहिलं. व्हिजनसर डगमगणारे नव्हते. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की समितीने वरवर न बघता पुस्तकांच्या पाठीत शिरून संशोधन केलं, आणि विद्यार्थ्यांच्या वाचनाचा छुपा इतिहास बाहेर काढला. टाळ्या झाल्या. चाळीस कागद काचेत लावून कॉफी मशीनच्या वर टांगले. ती कल्पना डिझाइनरबाईंची. खाली पाटी आहे, 'आमचा वारसा'. त्यात समितीतल्या सगळ्यांची नावं आहेत. बाइंडरचं नाही, कारण विद्यापीठात बाइंडर नाही.

बाइंडिंगच्या खोलीत आता रिलॅक्स झोन आहे. तिथे अजून खळीचा वास येतो, त्यामुळे कोणी रिलॅक्स होत नाही. मावशी जिन्याखाली बसते. शिकंजा तिथे मावत नव्हता, तर तिने सुताराकडून भिंत चार बोटं खोदून घेतली. सुताराने कोणाला विचारलं नाही. ती चाळीस आणि आधीचं मरून पुस्तक परत बांधायला तिला अडीच महिने लागले. चष्मेवाली मुलगी परीक्षा होईपर्यंत रोज एक तास येऊन दोरा ओवून द्यायची. संडासाला कडी अजून नाही. मावशीने दोऱ्याचा एक फास करून दिलाय, तो चालतो.

श्शूसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी हॉलमध्ये निरोप समारंभ होता. मावशी गेली नाही. "त्या दिवशी स्टूलवर बसून राहिला माणूस," ती म्हणाली. "माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही तोंडातून. मी कशाला टाळ्या वाजवू?"

पुढच्या वर्षी साहेब कंडक्टरच्या बसमध्ये चढले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बोलत बसले, आणि कंडक्टरकडून खरी गोष्ट घरी कळली. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मावशीला त्यांच्याच सहीने मिळायचे, त्यामुळे कोणत्या वर्षापासून पाठीत काय भरलंय हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मावशी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलने बांधल्याचं वर्ष लिहिते, हेही माहीत होतं. त्या अर्ध्या तासात ते व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून एकेक पुठ्ठा उघडत, शिंकत, फक्त जुन्या वर्षांची चाळीस पुस्तकं वेचत होते.